कितीला पडला?

टेलिफोनबाईंविषयी फ्रेमवाल्याला नेमकं काय ठाऊक होतं, असं कुणी खोदून विचारलं असतं तर बिचाऱ्याची भंबेरी उडाली असती. बाई कित्येक वर्षं त्याच्या डोक्यावर राहिल्या. म्हणजे खरोखरच डोक्यावर. खाली रस्त्याला लागून त्याचं फोटोंना चौकटी करायचं दुकान, दुकानामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण, आणि त्याच दोन खोल्यांच्या बरोबर वर, तेवढ्याच दोन खोल्यांत बाई एकट्या.

छतातून जेवढं झिरपत खाली यायचं तेवढीच त्याची माहिती. सकाळी पाय जमिनीला टेकल्याचे दोन ठोके, मग चपलांची फरफर, मग नळ. बाईंचा डावा पाय उजव्यापेक्षा जड पडायचा. चहा त्या उभ्यानंच घेत असाव्यात, कारण त्या वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज कधी आला नाही. एवढ्यावर माणूस ओळखला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. बाकी बाईंचं माहेर कुठलं, लग्न झालं होतं, मोडलं होतं की झालंच नव्हतं, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. विचारावंसं वाटायचं, पण विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गिऱ्हाइकाला "काच साधी लावू की चांगली?" एवढं विचारतानाही त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"तुझ्या तोंडात काय सरस भरलाय का रे?" ताई म्हणायची. दुकानात चौकटीचे कोपरे चिकटवायला सरस कायम उकळत असायचा, त्यामुळे ताईला हे सुचायला फार लांब जावं लागत नसे.

ताईच्या तोंडात सरस नव्हता. तिनं बाईंना खणून पाहायचा प्रयत्न केला नाही असं नाही. बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. परगावी फोन लावायचा म्हणजे आधी नंबर नोंदवायचा आणि मग वाट बघत ताटकळायचं, त्या काळातल्या. समोर भोकाभोकांचा उभा फळा, हातात वायरी, कानाला हेडफोन. ह्या भोकातली वायर त्या भोकात गेली की दोन गावं एकमेकांशी बोलायला लागायची. सबंध गावाची बोलणी बाईंच्या हातांतून गेली. कुणाचं जमलं, कुणाचं फिस्कटलं, कुणी गेलं, कुणाला मुलगा झाला. त्यातलं एक अक्षर बाईंच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही.

"अहो, पण जाता-येता काही तरी कानावर पडलंच असेल की!" ताई म्हणायची.

"पडायचं की. पडून पडूनच तर हा कान गेला," बाई डाव्या कानाला हात लावून म्हणायच्या. त्या कानानं त्यांना खरंच धड ऐकू येत नसे. पहिलं अक्षर ऐकू यायचं, शेवटचं यायचं, मधली गळून जायची. म्हणून कुणी बोलायला लागलं की त्या मान वळवून उजवा कान पुढे करायच्या. माहिती नसलेल्या माणसाला वाटायचं, बाईंनी तोंड फिरवलं.

नोकरी सुटली होती, पण जिभेवरून उतरली नव्हती. दार वाजलं की आतून "कोण आहे?" यायचं नाही, "बोला!" यायचं. बोलता बोलता शेगडी बघायला आत जायचं झालं तर "जरा लाइनवर राहा हं." आणि ताईचं गाऱ्हाणं लांबलं की बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "ताई, तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" ताई हसत हसत वाढवायची.

मग बाईंना कुत्रा घ्यावासा वाटला. का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही ताईला. "सकाळी उठून मी 'बोला' म्हणते आणि कुणी बोलतच नाही हो."

गावाबाहेर टाकून दिलेल्या जनावरांचा एक निवारा होता. बाईंनी तिथे फोन लावला. पलीकडे निवाऱ्याचा व्यवस्थापक. उंच, किडकिडीत, पन्नाशीचा, स्वभावानं गरीब माणूस. तो म्हणाला, या एकदा, बघून जा, पसंत पडेल तो न्या.

"बघायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या. "तुम्ही असं करा, तो फोन हातात घ्या आणि पिंजऱ्यांपाशी जरा फिरून या."

आता दुसऱ्या कुणीही कुत्रा घेतला असता तर डोळे बघितले असते, शेपटी बघितली असती, रंग बघितला असता. पण जन्मभर न दिसणाऱ्या माणसांशी व्यवहार केलेल्या बाईंना आवाजावाचून दुसरी पारख ठाऊक नव्हती. ताई त्या वेळी वरच होती. तिनं खाली येऊन सांगितलं, की बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि फोनमधून नुसता गदारोळ ऐकू येत होता. मग एकदम त्यांनी बोट वर केलं.

"हा! हा आत्ता बोलला तो. मधे थांबून पुन्हा विचारल्यासारखं करतो तो."

"अहो बाई, पण तो..."

"राखून ठेवा. उद्या येते."

फोन ठेवल्यावर बाई खाली दुकानात आल्या. "फ्रेमवाले, उद्या तासभर दुकान बंद ठेवाल का? मला धरायला कुणी तरी हवं. म्हणजे मला नव्हे, कुत्र्याला."

फ्रेमवाल्यानं मान हलवली. दुकान तो आजारपणातसुद्धा बंद ठेवत नसे.

निवारा म्हणजे पत्र्याच्या शेडची लांबच लांब रांग. सगळीकडे फिनेलचा वास आणि तारेवर वाळत घातलेली जुनी पांघरुणं. व्यवस्थापक एका पिंजऱ्यापाशी थांबला आणि ओशाळून म्हणाला, "हा तो."

चांगला दांडगा कुत्रा. कधी काळी तपकिरी असावा, आता धुऊन धुऊन विटलेल्या कोटासारखा झाला होता. तोंड पांढरं, एक कान फाटका, मागचे दोन्ही पाय काठीसारखे ताठ. आवाजाला सुरकुत्या पडत नाहीत, एवढं एक बाईंच्या हिशेबातून निसटलं होतं.

"म्हणूनच मी काल म्हणत होतो," व्यवस्थापक म्हणाला. "तिकडे पिल्लं आहेत की. गोजिरवाणी आहेत."

कुत्रा सावकाश उठला, गजांपाशी आला, बाईंच्या हाताचा वास घेतला आणि एकदाच भुंकला. फ्रेमवाल्याच्या छातीत तो आवाज डब्यात दगड टाकल्यासारखा घुमला. बाईंनी उजवा कान पुढे केला होता.

"हाच," त्या म्हणाल्या.

"ह्याला कुणी नेत नाही हो."

"मलाही कुणी नेत नाही. कितीची पावती करायची?"

म्हाताऱ्या कुत्र्याला आम्ही काही घेत नाही, असं व्यवस्थापक म्हणाला. फक्त एक अट. महिनाभर सांभाळून बघा, मग मी घरी येऊन बघणार. त्याच्या हाडांना झेपत नसेल तर मात्र तो परत येईल. "तुमच्याकडे जिना वगैरे नाही ना?"

हे त्यानं बाईंच्या डाव्या बाजूनं विचारलं.

"हो, हो," बाई म्हणाल्या आणि पट्टा हातात घेतला. त्यांना ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकून घेतलं नाही, हे फ्रेमवाल्याला कधीच कळलं नाही. तो स्वतः उजव्या बाजूला उभा होता आणि त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण आपल्याला कुठे कुणी विचारलंय, असा विचार करून तो कुत्र्याकडे बघत राहिला.

येताना टॅक्सीत एका ट्रकच्या हॉर्नवर कुत्रा असा काही डाफरला, की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "हुबेहूब आमचे सुपरवायझर! त्यांनी जन्मभर मला 'बसा जागेवर' म्हटलं. आता मी म्हणणार." आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुपरवायझर, बसा जागेवर!"

सुपरवायझर बसला. तेव्हापासून त्याचं तेच नाव पडलं.

ताईनं त्याला दारातच अडवलं. "हे कुत्रं आहे का वासरू? फुकट मिळतंय म्हणून काय, दिलं तर हत्तीसुद्धा आणाल!"

"ताई, आवाज तरी ऐका."

"आवाज ऐकून काय करू? तो काय रेडिओवर गाणार आहे?"

फुकट आणलेल्या कुत्र्याचा भाव मग हळूहळू कळायला लागला. आठवड्याला सांध्यांचं इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ गोळ्या, जाड गादी, मऊ खाणं. बाईंनी वर्तमानपत्र बंद केलं आणि दुपारी फ्रेमवाल्याचं वाचून झालेलं मागायला लागल्या. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," ताई म्हणाली. पण बाईंकडे वर्तमानपत्र पोहोचवायला तीच जायची आणि जाताना पदराआड पोळीचा तुकडा असायचा.

खरा मसाला निराळाच होता. तो म्हणजे जिना.

लाकडी, अरुंद, मधेच कोपऱ्यात वळणारा. पहिल्याच आठवड्यात सकाळी फ्रेमवाला काच कापत बसला असताना पोतं घरंगळल्यासारखा आवाज आला. काच भलतीकडेच तडकली. तो धावला, तर सुपरवायझर शेवटच्या पायरीशी चारी पाय पसरून पडलेला आणि वर वळणावर बाई, हातात नुसता पट्टा धरून. कुत्रा ओरडला नाही. आपलं काही तरी चुकलं असावं, अशा चेहऱ्यानं बघत राहिला. दोन दिवसांनी पुन्हा पडला. ह्या वेळी उठायला त्याला बराच वेळ लागला.

त्या दुपारी फ्रेमवाल्यानं चौकटी बांधायच्या जाड कापडातून एक झोळी शिवली. दोन्ही टोकांना धरायला पट्टे. ती कुत्र्याच्या पोटाखालून घालायची, पुढचा पट्टा बाईंनी धरायचा, मागचा त्यानं, आणि पालखीसारखं न्यायचं. सकाळी खाली, फिरवून वर, संध्याकाळी खाली, फिरवून वर.

फ्रेमवाल्याच्या आयुष्यात तो महिना सगळ्यात जास्त बोलण्याचा गेला. जिन्यावर न बोलून चालतच नसे.

"उचला."

"उचललं."

"वळतंय हं. तुमच्या बाजूनं जरा खाली."

"टेकू का?"

"टेका, टेका. माझा हात गेला."

मग वळणावर तिघं जण दम खात बसायची. तिथे एक लहानशी खिडकी होती, तिच्यातून उन्हाचा पट्टा बरोबर सुपरवायझरच्या पाठीवर पडायचा. एकदा तिथे बसल्या बसल्या फ्रेमवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "ते सुपरवायझर... म्हणजे खरे... कसे होते?"

बाईंनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आवाज चांगला होता."

"आणि?" हा 'आणि' कुठून आला, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"आणि काय? तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "उचला."

महिना भरला. व्यवस्थापक रविवारी येणार होता. शनिवारी बाईंनी दुकानात येऊन बेत सांगितला. तो यायच्या आत सुपरवायझरला खाली आणायचं आणि दुकानात गादीवर बसवायचं. विचारलं तर म्हणायचं, इथे वारा चांगला येतो म्हणून आणलाय. जिन्याचं नाव कुणी काढायचं नाही.

"तुम्ही तर काढणारच नाही, तुम्ही कशाचंच काढत नाही," त्या फ्रेमवाल्याला म्हणाल्या. "ताई, तुम्ही मात्र सांभाळा."

"माझं तोंड शिवून ठेवते," ताई म्हणाली. "पण एक सांगा, त्यानं नेला तर?"

बाईंनी मान वळवली. उजवा कान पुढे केला होता, की तोंड फिरवलं होतं, कळलं नाही.

रविवारी सगळं सुरळीत झालं. सुपरवायझर दुकानात गादीवर ऐटीत बसला होता. सोनेरी चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या, मधे हा. एखाद्या साहेबाच्या कचेरीत आल्यासारखं वाटत होतं. व्यवस्थापकानं त्याचे दात बघितले, नखं बघितली, अंगावरून उलटा हात फिरवला. कुत्र्यानं शेपटी दोनदा आपटली. "तब्येत सुधारली की हो! छान ठेवलाय. मग आता माझ्याकडून काही नाही. आजपासून तुमचाच."

ताईनं मागच्या दाराच्या पडद्याआडून सुस्कारा सोडलेला फ्रेमवाल्याला ऐकू आला.

तेवढ्यात समोरचा न्हावी हात पुसत रस्ता ओलांडून आला. त्याला कुठल्याही घोळक्यात डोकं घातल्याशिवाय चैन पडत नसे. "वा, वा! जनावर जातिवंत दिसतंय," असं म्हणत तो नेमका बाईंच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि त्यानं चारचौघं विचारतात तसं विचारलं, "काय बाई, कितीला पडला?"

बाईंच्या कानानं मधलं अक्षर गाळलं.

"दोनदा," बाई ताबडतोब म्हणाल्या. "पण लागलं नाही फारसं."

न्हावी गोंधळला. "दोनदा? अहो, पैसे दोनदा द्यावे लागले?"

"कसले पैसे? जिन्यावरून दोनदा पडला. आता नाही पडत, आता आम्ही झोळीतून..." आणि मग बाईंना आपल्या तोंडून काय निघालं ते कळलं. त्यांचा हात तोंडापर्यंत गेला. साऱ्या गावाची गुपितं ज्या तोंडानं गिळली होती, त्यातून नेमकं आपलं एकुलतं एक निसटलं होतं.

"अहो, मी किंमत विचारतोय!" न्हावी म्हणाला.

व्यवस्थापक उठून उभा राहिला. "कुठल्या जिन्यावरून?"

"हा काय, हा," न्हाव्यानं मदत म्हणून बोट दाखवलं.

व्यवस्थापक जिन्याच्या तोंडाशी गेला, वर बघितलं, वळण बघितलं आणि परत आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, ह्याचे मणके झिजलेत. झोळी आज आहे, उद्या तुम्हा दोघांपैकी एकाची कंबर धरली तर? तिसऱ्यांदा पडला तर उठणार नाही हा. मला न्यायला लागेल."

बाईंनी उजवा कान पुढे केला, मग डावा केला, जणू दुसऱ्या कानाला काही वेगळं ऐकू येईल. मग खाली वाकून त्या पट्टा सोडवायला लागल्या. बक्कल निघत नव्हतं. सुपरवायझर मान वर करून त्यांना सोयीचं होईल असा थांबला होता.

"तो खालीच राहतो," फ्रेमवाला म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं स्वतःही मागे वळून पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून.

"म्हणजे कुत्रा... म्हणजे बाई. बाई खाली राहतात. म्हणजे आता नाही राहत. राहणार आहेत. आमच्या खोल्यांत. मागच्या. खोल्या सारख्याच आहेत, मोजून घ्या हवं तर." कपाळावर घाम आला होता. "आम्ही वर जाणार आहोत. ठरलंय आमचं."

"कुणाचं ठरलंय?" पडद्याआडून आवाज आला.

फ्रेमवाल्यानं डोळे मिटून घेतले. जन्मात पहिल्यांदा तो एवढं बोलला होता आणि त्यात ताईला विचारायचंच राहिलं होतं. ताईचे गुडघे काही त्या कुत्र्यापेक्षा बरे नव्हते.

ताई बाहेर आली. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग बक्कलाशी अडलेल्या बाईंच्या बोटांकडे, मग कुत्र्याकडे.

"तरी मी म्हणतेय, सकाळपासून ह्याच्या तोंडातला सरस पातळ कसा झाला!" ती म्हणाली. मग व्यवस्थापकाकडे वळली. "खरंय. ठरलंय आमचं. मला खाली दम लागतो. वर हवा येते. आणि तुम्ही चांगले उंच दिसताय, तेव्हा खांबासारखे उभे राहू नका. कपाट जड आहे, एका बाजूनं हात लावा. न्हावीदादा, तुम्ही दुसऱ्या बाजूनं लावा. किमती विचारत फिरता, आता मोजा किंमत!"

"ताई, अहो, असं नका करू," बाई म्हणाल्या. "मी हे कसं..."

"तीन मिनिटं झाली," ताई म्हणाली. "वाढवून मिळणार नाहीत."

संध्याकाळपर्यंत वरचं खाली आणि खालचं वर झालं. निवाऱ्याचा व्यवस्थापक शर्टाच्या बाह्या दुमडून जिन्यावरून अकरा खेपा करून गेला असेल. जाताना त्यानं जिन्याला नमस्कार केला. न्हाव्याची पाठ चार दिवस धरली होती, आणि कुणी विचारलं की तो सांगायचा, बाईंचा कुत्रा मला महागात पडला.

वर गेल्यावर पहिल्या सकाळी फ्रेमवाल्याला जाग आली आणि छतावरून कसलाच आवाज आला नाही. वर नुसतं आभाळ होतं. तो अंथरुणात पडून भिंती बघत राहिला. चौकटीवाल्याची नजर ती, दुसऱ्याच्या भिंतीवर आधी तीच जाते. जिथे तसबीर वर्षानुवर्षं टांगलेली असते तिथे भिंतीवर फिकट चौकोन उरतो. बाईंच्या भिंतीवर असा एकही चौकोन नव्हता. पलंगासमोर, बरोबर नजरेच्या उंचीला, एक खिळा मात्र होता. चांगला, मजबूत खिळा. भोवतीची भिंत सगळीकडे सारखीच मळलेली. म्हणजे खिळा मारला होता, पण त्याला कधीच काही टांगलं नव्हतं. त्याला आठवलं, फार वर्षांपूर्वी बाई एकदा दुकानात आल्या होत्या आणि दोन्ही हातांनी माप दाखवून म्हणाल्या होत्या, "एवढ्या फोटोला केवढी चौकट लागेल?" त्यानं सांगितलं होतं. फोटो आणते म्हणाल्या आणि नंतर आणला नाही. तेव्हा त्याला वाटलं होतं, भाव जास्त वाटला असेल.

तो खिळा त्यानं काढला नाही. त्याला स्वतःचंही काही टांगलं नाही. विचारायचं मनात पुष्कळ वेळा आलं.

ताईला वर खरंच हवा मानवली. गुडघ्यांमुळे ती फारशी खाली उतरेना, तेव्हा तिनं खिडकीला दोरी बांधून टोपली सोडली. भाजी वर, कचरा खाली, वर्तमानपत्र खाली, गप्पा दोन्हीकडे. सुपरवायझर खाली अंगणात उन्हात पसरलेला असायचा आणि टोपली उतरताना दिसली की मधे थांबून, विचारल्यासारखं भुंकायचा. बहुतेक वेळा तीत त्याचं काही तरी असायचंच. ताई वरून ओरडायची, "बसा जागेवर!" आणि खालून बाई ओरडायच्या, "मी म्हणणार ते! तुम्ही म्हणायचं नाही!"

आता ऐकणं उलटं झालं होतं. इतकी वर्षं फ्रेमवाल्यानं बाईंची पावलं ऐकली, आता बाई त्याची ऐकायच्या. छताखाली बसलं की उजवा कान आपोआप वर व्हायचा. एके दिवशी दुकानात डोकावून म्हणाल्या, "काल रात्री फार येरझारा घातल्यात. पोट बिघडलंय का?" फ्रेमवाला लाजेनं चूर झाला. पण दिवसभर काटकोनाचा गुण्या लावून कोपरे जुळवताना त्याला मधूनच बरं वाटत राहिलं. त्याच्या पोटाची चौकशी ताईखेरीज आजवर कुणी केली नव्हती.

सुपरवायझर तसा दोन हिवाळे जगला. डॉक्टर म्हणाले होते त्याहून जास्त. जिना त्यानं पुन्हा पाहिला नाही. एका सकाळी दारातल्या गार फरशीवर झोपला तो उठलाच नाही. व्यवस्थापक स्वतः आला, त्यानं निवाऱ्यामागच्या झाडाखाली जागा दिली. बाई सबंध वेळ ताठ उभ्या होत्या. परत आल्यावर त्यांनी पट्टा धुऊन, वाळवून व्यवस्थापकाकडे पाठवून दिला, दुसऱ्या कुणाला होईल म्हणून.

महिना गेला, दोन गेले. खोल्या पुन्हा बदलायच्या का, हे कुणीच काढलं नाही. ताईनं एकदा विचारलं, दुसरा आणणार का. बाई म्हणाल्या, "आता कान ओळखत नाही." त्यानंतरही सकाळी जमिनीखालून फ्रेमवाल्याला बाईंचा नळ ऐकू यायचा, पण चपलांची फरफर मात्र कमी कमी होत गेली. जमिनीतून आवाज वर चढायला जरा जास्तच जोर लागतो, की बाईच कमी चालायच्या, त्याला ठरवता आलं नाही.

पुढच्या थंडीत बाईंना त्यांच्या भाचीनं परगावी बोलावलं. भाची आहे, हेही तेव्हाच कळलं. आठवडाभरासाठी म्हणून गेल्या आणि तिकडेच छातीत कफ भरला, तो उतरलाच नाही. फोन भाचीचा आला, ताईनं घेतला, आणि बराच वेळ ती नुसतीच "हो... हो" म्हणत राहिली. मग रिसीव्हर हातात धरून भावाकडे बघत बसली. पलीकडून भाचीनं फोन ठेवला होता.

फ्रेमवाला अजून कधी कधी बाई निघाल्या ती सकाळ आठवून बघतो, काही तरी वेगळं बोलायला हवं होतं का म्हणून. पण तसं काहीच सुचण्यासारखं नव्हतं. दारात टॅक्सी उभी होती. बाईंच्या हातात एकच पिशवी होती, ती त्यानं घेतली आणि गाडीत ठेवली. बाई आत बसल्या, काच खाली केली आणि उजवा कान त्याच्याकडे केला.

"वरचा नळ टपकतोय तुमचा," त्या म्हणाल्या. "ऐकू येतं मला."

"वायसर बदलायचाय."

"मग बदला की. आणि दूधवाल्याला सांगा, सोमवारपर्यंत नको."

"अर्धा लिटरच ना तुमचं?"

"अर्धाच. कडी लावलेली बघून समजेल तो, पण तरी सांगा."

"सांगतो."